नौदल-थरार वाचायला घेताय? नकाशा जवळ ठेवा

शीतयुद्धावरच्या नौदल-कादंबऱ्या बरेच जण अर्ध्यात सोडतात, कारण नावं आणि आकडे अंगावर येतात. टॉम क्लॅन्सीच्या 'रेड स्टॉर्म रायझिंग'ने (१९८६) सुरुवात करू नका. त्यातलं युद्ध जर्मनी, आइसलँड आणि अटलांटिकमध्ये एकाच वेळी पेटतं. आधी 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९८४) घ्या. त्यात एका पाणबुडीचा माग धरून चालता येतं.

नकाशात ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांमधला पट्टा शोधा. सोव्हिएत उत्तरी नौदलाला अटलांटिकात उतरायचं तर वाट इथूनच, म्हणून अमेरिकेने समुद्रतळावर 'सोसस' ध्वनिग्राहक टाकले होते.

'बेअरिंग' हा शब्द मात्र नीट समजून घ्याच. बेअरिंग म्हणजे दिशा, अंतर नव्हे. सोनार म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणारं यंत्र; नुसतं ऐकणाऱ्या पॅसिव्ह सोनारला शत्रू कुठल्या बाजूला आहे ते कळतं, किती लांब ते नाही. म्हणून कप्तान वळण घेतो, पुन्हा ऐकतो आणि दिशा कशी सरकली त्यावरून अंतराचा अंदाज बांधतो. हे माहीत नसेल तर पानंच्या पानं काही घडत नाही असं वाटतं, आणि खरा थरार तर तिथेच असतो! 'लेयर'ही तसाच: वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी जिथे भेटतं तिथे आवाज वाकतो, पाणबुडी त्याखाली दडते.

वेगासाठी ३० नॉट म्हणजे ताशी सुमारे ५५ किमी, एवढं पुरे.

नावांत एक फसगत ठरलेली. नाटो ज्या क्षेपणास्त्रवाहू सोव्हिएत पाणबुडीला 'टायफून' म्हणते, तिला रशियन 'अकुला' म्हणतात. नाटोची 'अकुला' ही वेगळीच, हल्ला करणारी पाणबुडी. म्हणून बोलणारा कुठल्या बाजूचा, ते आधी बघा.