राग तुझा, तुरुंग सरकारचा

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजच्या वार्षिक अंकातून लेख मागे घेऊ का, असं तू शेवटच्या ओळीत विचारलंस. पण तुला खरं छळणारी गोष्ट पत्राच्या मध्येच कुठेतरी आहे. लेख वाचून काकांनी विचारलं, "माझ्या डोळ्यांदेखत कुणी तिरंगा पेटवला तर तू काय करशील?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. झेंडा जाळणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, असं सात पानं लिहिणारी मुलगी घरच्या माणसासमोर गप्प झाली, आणि आता तिला वाटतंय की आपलं सगळं म्हणणंच पोकळ होतं.

तुझे काका साताऱ्याकडच्या अपशिंग्याचे. त्या गावात घराघरातून माणूस फौजेत गेलेला आहे. सोबत्याची तिरंग्यात लपेटलेली पेटी त्यांनी खांद्यावर घेतली आहे, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. अशा माणसापुढे संविधानातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ वाचून दाखवायचं तुला सुचलं नाही, हे बरंच झालं. मी तर म्हणते, लेखाच्या दुसऱ्या पानावर 'झेंडा म्हणजे शेवटी कापडच' असं जे वाक्य आहे, ते आजच्या आज काढ. ते खरं नाही. १९२३ साली नागपुरात नुसता झेंडा हातात धरून चालण्यासाठी शेकडो माणसं तुरुंगात गेली. कापडासाठी कुणी तुरुंगात जात नाही. आपली बाजू सोपी व्हावी म्हणून समोरच्याच्या काळजातली गोष्ट लहान करायची, ही सवय तुला आत्ताच लागू नये.

तिरंगा जळताना पाहून तुला राग यायलाच हवा. मला येतो. पण तो राग सरकारच्या हवाली करायचा नाही. चाळीसेक वर्षं काळा कोट घालून मी हीच एक गोष्ट घट्ट धरून बसले आहे. राग तुझा आहे, तुरुंग सरकारचा आहे. या दोन गोष्टी एकदा जोडल्या की त्या तोडणं तुझ्या हातात राहत नाही.

तू कायदा शिकतेस, म्हणून आधी कायद्याचं बघू. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा तुला पाठ असेल. सार्वजनिक जागी किंवा लोकांना दिसेल अशा जागी झेंडा जाळला, फाडला, विद्रूप केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आता २००२ ची ध्वजसंहिता काढ. फाटलेला, मळलेला झेंडा खाजगीत संपूर्ण नष्ट करावा, शक्यतो जाळून, असं तीच सांगते. म्हणजे आग दोन्हीकडे आहे आणि राखही सारखीच. एकीकडे सन्मान, दुसरीकडे तीन वर्षं. फरक कशाचा? जाळणारा काय म्हणतो आहे, त्याचा. शिक्षा त्या म्हणण्याला आहे. हा मुद्दा तुझ्या लेखात नाही, तो घाल.

आणि नवीन जिंदाल प्रकरणाचा २००४ चा निकाल तू अर्धाच वापरला आहेस. झेंडा फडकवणं ही अभिव्यक्ती आहे, कलम १९(१)(अ) खाली तो हक्क आहे, एवढं लिहून तू थांबलीस. त्याच निकालात हा हक्क निरंकुश नाही, १९७१ च्या कायद्याच्या चौकटीतच तो वापरायचा आहे, असंही म्हटलं आहे. तेही लिही. विरोधातला अर्धा निकाल लपवणारा वकील मला आवडत नाही, तो माझ्या बाजूचा असला तरी. मग पुढे विचार, चढवणं हे जर बोलणं असेल तर उतरवणं, उलटं धरणं, जाळणं हे बोलणं नाही, असं कसं म्हणता येईल? नकोसं बोलणं असेल. किळस आणणारं बोलणं असेल. पण बोलणंच.

आता माझं ऐक. तुझ्या आईला यातलं थोडं माहीत आहे, सगळं नाही.

१९८२ चा गिरणी संप फसून काही वर्षं झाली होती. लालबागच्या एका चाळीतल्या पोराने २६ जानेवारीच्या सकाळी, झेंडावंदनाला जमलेल्या लोकांसमोर, एक कागदी झेंडा काडी लावून पेटवला. "माझ्या बापाला काय दिलं यानं?" असं ओरडत होता म्हणे. लोकांनी त्याला बेदम मारला आणि मग पोलिसांच्या ताब्यात दिला. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, मारणाऱ्यांवर नाही. कायद्याला कापडच लागतं असं नाही, कागदावरचं चित्रही पुरतं. त्याची आई माझ्या दारात आली. मी वकिलीत नवी होते, पण वकीलपत्र घेतलं.

कोठडीत भेटायला गेले तेव्हा त्याला स्पष्ट सांगितलं की तू केलंस ते मला अजिबात आवडलेलं नाही. तो म्हणाला, "पण तारखेला येणार ना?"

गेले. प्रत्येक तारखेला गेले. शेवटी पंच फिरले, मुद्देमालातला अर्धा जळका कागद नेमका कशाचा, हे कुणाला धड सांगता येईना, आणि तो सुटला. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर न्यायालयाने अवाक्षर काढलं नाही. तत्त्वाचा विजय वगैरे काही झाला नाही, पुराव्याअभावी सुटका झाली. तू असल्या निकालांना नाक मुरडशील, पण बहुतेक माणसं अशीच सुटतात.

माझा भाऊ तेव्हा नौदलात होता. तो एवढंच म्हणाला, "तुला दुसरं अशील मिळालं नाही?" त्यानंतर गणपतीला तो आमच्या घरी आला नाही. आई गेली तेव्हा आम्ही दोघं स्मशानात शेजारी उभे होतो आणि एकमेकांशी बोललो नाही. या गोष्टीची खंत मला अजून आहे, रात्री-बेरात्री जाग आली की जास्त. वकीलपत्र घेतल्याची खंत मात्र नाही. बार रूममध्ये एक जण म्हणाला होता, बाईने नाव कमवायला केस घेतली. नाव कसलं? ज्यांची कामं मिळायची त्यांनी फाइली परत नेल्या. त्या पोराच्या आईकडून मी एक पैसा घेतला नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं.

त्या प्रकरणातून मला जे दिसलं, ते पुस्तकात सापडलं नसतं. झेंडावंदनाला जमलेल्या त्या माणसांना त्या पोराशी भांडायचं होतं. त्यांच्यातलेच कितीतरी गिरणीत होते, त्यांच्याही घरी चूल धड पेटत नव्हती, आणि तरी ते सकाळी धुतलेले कपडे घालून झेंड्यापुढे उभे होते. ते त्याला सांगू शकले असते की अरे, हा झेंडा तुझ्या बापाचाही आहे, तो मालकाचा नाही. दुसरं कुणीही हे सांगण्यापेक्षा त्यांनी सांगायला हवं होतं. पण मध्ये काठी आली, मग पोलीस आले, मग तारखा आल्या. त्यांचा राग फिर्याद होऊन फाइलीत गेला आणि संवाद तिथेच मेला. तो पोरगा सुटून आला तो देशावर जास्त प्रेम करू लागला होता, असं मला तरी दिसलं नाही.

आपला राग सरकारच्या हवाली करू नकोस म्हणते, ते यासाठी.

अमेरिकेतलं टेक्सास विरुद्ध जॉन्सन तू वाचलं आहेस, पण त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. १९८४ साली डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू असताना ग्रेगरी जॉन्सन याने सिटी हॉलसमोर अमेरिकेचा झेंडा जाळला. एक वर्ष कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. टेक्सासच्या वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कायम केलं. पुन्हा कायदा केला गेला, तोही १९९० मध्ये पाच विरुद्ध चारनेच पडला. इतपत तू लिहिलंस. पण झेंडा जळताना तिथे हजर असलेल्या एका माणसाने नंतर त्याचे जळके तुकडे गोळा केले, घरी नेले आणि आपल्या अंगणात मानाने पुरले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताच्या निकालात त्याचा मुद्दाम उल्लेख केला. जळालेल्या झेंड्याचा मान राखायचा याहून खात्रीचा मार्ग नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. तो भाग पुन्हा वाच. त्या माणसाला राग आला नसेल असं तुला वाटतं का? सगळ्यात जास्त त्यालाच आला असेल. त्याने तो स्वतःकडे ठेवला, आणि त्याचं काहीतरी केलं.

तू म्हणशील, ती अमेरिका. ठीक आहे, आपल्याकडे ये. मुंबई हायकोर्टाच्या सेंट्रल कोर्टरूमपाशी टिळकांचे शब्द कोरलेले आहेत. १९०८ मध्ये तिथेच त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याआधीचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला बघ. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावलं होतं की सरकारबद्दल प्रेम नसणं हाच तो गुन्हा. प्रेम नाही, म्हणून दीड वर्ष सक्तमजुरी! १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधींनी त्याच कलमाला उत्तर दिलं की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही. आपण ज्यांचे फोटो भिंतीवर लावतो ती माणसं याच मुद्द्यावर तुरुंगात गेली, आणि आपण मात्र प्रेमाची सक्ती करणारं कलम आपल्या हातात आलं म्हणून निर्धास्त बसतो. मला याचा संताप येतो. स्पष्टच लिहिते.

आगीचं म्हणशील, तर ती भाषा या शहराला नवी नाही. ३१ जुलै १९२१ ला परळमध्येच परदेशी कापडाची होळी झाली. रवींद्रनाथांना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी लिहून विरोध केला, गांधींनी लिहून उत्तर दिलं. भांडण असं होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा ज्यांना ती पूज्य होती त्यांची मनं पोळली. काका इथे म्हणतील, मनुस्मृती आणि तिरंगा एका पंगतीत बसवतेस? नाही बसवत. एक माणसाला माणूस न मानणारी, दुसरा त्याच बाबासाहेबांच्या संविधानाच्या देशाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं मन पोळलं त्याच्या हातात तुरुंगाची किल्ली दिली असती, तर महाडची आग पेटलीच नसती. बोलण्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येतं, ते सांगणाऱ्या कलम १९(२) मध्ये सार्वभौमत्व आहे, सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. मन दुखावणं त्यात नाही. दगडफेक झाली तर दगड मारणाऱ्याला पकडा, दुकान जाळलं तर दुकान जाळणाऱ्याला.

तू पत्रात एक वाक्य लिहिलं आहेस, "मी दोन्ही बाजूंचा आदर करते असं लिहून लेख सौम्य करू का?" हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. करू नकोस. काकांच्या दुःखाचा आदर कर, त्यांच्या मागणीचा नाही. झेंडा जाळणाऱ्याच्या तक्रारीकडे लक्ष दे, त्याच्या कृत्याचं कौतुक करू नकोस. एवढं साधं आहे, आणि तू हुशार आहेस, तुला ते समजतं. घाबरलीस म्हणून असं लिहिलंस. घाबरण्यासारखं काही नाही. १९७१ च्या कायद्याच्या कलम २ खालचं पहिलं स्पष्टीकरणच सांगतं की कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका हा अवमान नव्हे. तुझा लेख नेमका तेच करतो. ते स्पष्टीकरण लेखाच्या पहिल्याच पानावर घाल, संपादक मंडळातल्या सरांनाही दाखव.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर तुझं तू दे, पण मी काय म्हटलं असतं ते सांगते. मी म्हटलं असतं, काका, मी धावत जाईन, त्याच्या हातातून झेंडा ओढून घेईन, हात भाजला तरी चालेल. त्याला खडसावीन, तिथेच बसवून विचारीन की तुझं नेमकं काय बिघडलं ते मला सांग, आणि दिवसभर त्याच्याशी भांडेन. आणि तुम्ही त्याला कोठडीत घालायला निघालात तर मी तुमच्या आणि त्याच्यामध्ये उभी राहीन. तुमच्यावर माझं प्रेम आहे, तरीही उभी राहीन. हे त्यांना फोनवर सांगू नकोस. साताऱ्याला जा, समोर बसून सांग. ते रागावतील. बहुधा उठून जातील. तू उठू नकोस. माझा भाऊ उठून गेला तेव्हा त्याच्यामागे जाणारं घरात कुणी नव्हतं, आई आजारी होती आणि मी कोर्टात. तुझ्या घरात तू आहेस.

लेख सोमवारपर्यंत द्यायचा आहे ना? मग शनिवारी दुपारी इकडे ये. जिंदालच्या निकालाची पूर्ण प्रत आण, निवडक उतारे नकोत. बिजो इमॅन्युएलचा १९८६ चा निकालही आण, राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहिलेल्या पण न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांचा. तो तुझ्या लेखात का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. जेवून येऊ नकोस.

तुझी,
मावशी