थर्मल कॅमेरा घेतला तर गाईंचा कासदाह आधी कळेल का?

तुम्ही विचारलंय की गोठ्यात पंधरा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, दगडीने म्हणजे कासदाहाने दोघींचे सड गेले, तर मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा घ्यावा का. जनावरांचा डॉक्टर म्हणून सांगतो, दगडीसाठी घेत असाल तर थांबा. लंगडणाऱ्या गाईंसाठी घेत असाल तर विचार करायला हरकत नाही.

हा कॅमेरा शरीराच्या आत काही बघत नाही. सूज आली की तिथला रक्तपुरवठा वाढतो, वरची कातडी तापते, तेवढंच त्याला कळतं. त्यातही स्वस्त कॅमेऱ्यात दोन-तीन अंश सेल्सिअस इकडेतिकडे होतात, म्हणजे १०२ फॅरनहाइटची गाय तो ९८ दाखवेल नाहीतर १०६. ताप बघायचा तर शेपटीखाली थर्मामीटरच लावा. मात्र एकाच फोटोतल्या दोन जागांमधला फरक हेच कॅमेरे चांगला पकडतात. म्हणून बघायचं ते डावं आणि उजवं.

कासेला नेमकं हेच अवघड जातं. मागून फोटो काढला की मागचे दोनच सड दिसतात. मांडी आणि कासेच्या बेचक्यात निरोगी गाईलाही ऊब असते. ज्या कुशीवर बसून उठली ती बाजू गरम, नुकतीच धुतलेली कास गार. चारही सड सारखेच सुजले तर फरक दिसणार कुठून? आणि सगळ्यात वाईट दगडीत, जेव्हा कासेचा भाग सडायला लागतो, तेव्हा तो गार पडतो. फोटोत छान निळा दिसतो आणि मालक निर्धास्त राहतो.

सुप्त म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या कासदाहासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दुधाची गोठ्यातच होणारी तपासणी) करा. चार वाट्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं थोडं दूध, तेवढंच सीएमटीचं द्रावण, आणि गोल फिरवायचं. जिथे दूध शेंबडासारखं घट्ट होईल तो सड कासदाहाचा समजा. खर्च किरकोळ, आणि धारेच्या वेळीच होऊन जातं.

खुरांचं वेगळं. गाय पाय नीट टेकत नाही, पण दुखणं खुरात आहे की वर सांध्यात, हे उभ्या जनावरात ओळखणं कठीण. खोड्यात घेऊन पाय उचलायचा म्हणजे दोन माणसं लागतात. अशा वेळी मागच्या दोन्ही पायांचा एकच फोटो घ्या आणि खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात तिथे बघा. एक पाय स्पष्टपणे जास्त गरम असेल तर खूर साळणाऱ्याला आधी तोच पाय दाखवा. मागच्या पायाची बाहेरची नखी बहुतेकदा गुन्हेगार निघते. शेण आणि चिखल आधी पुसा, पाय धुतले असतील तर पूर्ण वाळू द्या, आणि फोटो पहाटे गोठ्यातच काढा. उन्हातून आलेल्या जनावराचा फोटो फुकट. म्हशीची कातडी काळी म्हणून कॅमेरा फसतो असं काही जण सांगतात, ते खरं नाही. फसवतं ते ऊन.

घेतलाच तर सेटिंगमध्ये तापमानाची पट्टी (किती अंशाला कोणता रंग) कायम करून ठेवा. ती ऑटोवर असली की कॅमेरा प्रत्येक फोटोत सर्वांत गरम जागेला लाल रंग देतो, मग जनावर ठणठणीत का असेना. डॉक्टरांना फोटो पाठवाल तेव्हाही आकडे दिसतील असाच पाठवा. मला व्हॉट्सअॅपवर नुसत्या लालभडक कासा येतात, त्यावरून काय सांगणार?