फोन ठेव, आधी कारण लिही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नायब तहसीलदारपदी निवड झाली, रुजू होण्याचं पत्र हातात आहे, घरच्यांनी पेढेही वाटले, आणि तुझा जीव मात्र तालुका कोर्टात अडकलाय, कारण तुला न्यायाधीश व्हायचंय. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तुझी जेमतेम निम्मी वर्षं भरलीत. रुजू झालीस की वकिलीची सनद स्थगित करावी लागेल आणि वकिलीची वर्षं मोजायची तिथेच थांबतील. पेच खरा आहे, मी तो हसण्यावारी नेणार नाही.

पण शेवटी तू विचारलंस, ‘काका, दबाव कुठे कमी असतो, कोर्टात की महसूलमध्ये?’ आणि मी चिडलो. तुझे वडील आणि मी एका कचेरीत होतो. ते अव्वल कारकून, मी नवा तहसीलदार. टिपणी कशी लिहायची, कागदाला पान क्रमांक का घालायचा, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या मुलीने दबावाचा हिशेब करून नोकरी निवडावी हे मला पटत नाही.

ज्या सहीने कुणाचं काही अडतं किंवा सुटतं, त्या सहीवर दबाव येणारच. महसूलमध्ये तो फोनवरून येतो, निरोप्याकडून येतो, ‘साहेबांनी विचारलंय’ अशा शब्दांत येतो. कोर्टात तो युनिटांतून, म्हणजे निकाली प्रकरणांच्या मोजणीतून येतो, बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या बहिष्कारातून येतो, गच्च भरलेल्या बोर्डावरून, म्हणजे दिवसभराच्या प्रकरणांच्या यादीवरून येतो. फरक एवढाच की राज्यघटनेच्या २३५ व्या कलमाने खालच्या न्यायाधीशाची बदली-बढती उच्च न्यायालयाच्या हाती दिली आहे, पालकमंत्र्याच्या नाही. हा फरक मोठा आहे, त्याकडे मी परत येईन. आधी मूळ गोष्ट.

जो निर्णय घेशील त्याचं कारण त्याच दिवशी, त्याच कागदावर, स्वतःच्या शब्दांत लिही. फोन वाजला तर वाजू दे. आधी कारण लिही. आणि ते अशा भाषेत लिही की ज्याच्या विरुद्ध निर्णय गेला त्याला घरी जाऊन वाचता यावं. जिंकलेला माणूस आदेशाची शेवटची ओळ वाचतो आणि निघून जातो. कारण हरलेल्यासाठी लिहायचं असतं.

तू म्हणशील, हे तर सगळेच सांगतात. नाही सांगत. सगळे ‘निर्भय राहा’ असं सांगतात आणि रामशास्त्र्यांची गोष्ट ऐकवतात. भीती मलाही वाटायची, हात कापायचा. लिहिलेलं कारण मात्र जागचं हलत नाही, लिहिणाऱ्याचा हात कापत असला तरी.

रायबरेलीचा खटला तू कॉलेजात शिकलीस. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची तिथली निवडणूक रद्द केली. लोकांना त्यातलं धाडस आठवतं. मला त्यातली एक तारीख आठवते. यशपाल कपूर हे सरकारी नोकर, त्यांनी राजीनामा दिला आणि ते प्रचारात उतरले. राजीनामा तोंडी मंजूर झाला होता, लेखी आदेश मागाहून निघाला, असं वरिष्ठांनी साक्षीत सांगितलं. न्यायालयाने तोंडी मंजुरी मानली नाही. राजपत्रातली अधिसूचना २५ जानेवारी १९७१ ची होती आणि कपूरांनी त्याआधीच प्रचाराचं काम केलेलं होतं. दुसरा मुद्दा होता सभांच्या व्यासपीठांचा आणि ध्वनिवर्धकांच्या विजेचा, जी उत्तर प्रदेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांनी पुरवली होती. विचार कर, त्या जिल्ह्यातल्या कुणा बांधकाम अभियंत्याला, कुणा पोलीस अधिकाऱ्याला तेव्हा काय वाटलं असेल? मंच बांधून देण्यात काय एवढं? देशाचं राजकारण त्या मंचावर येऊन थांबलं.

तुला वाटतं कोर्टात न्याय होतो आणि तहसीलात कागद फिरतात. चूक. निवडणूक जवळ आली की नमुना ७ चे, म्हणजे मतदारयादीतून नाव वगळण्याच्या अर्जांचे, गठ्ठे टेबलावर येतात. अमुक मतदार मयत, तमुक स्थलांतरित, नाव वगळा. वरून घाई असते. १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात दिल्ली आणि मुंबईतल्या, परदेशी असल्याचा संशय घेतलेल्या मतदारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांच्या अहवालावर डोळे मिटून नाव काढता येणार नाही, नोटीस द्या, म्हणणं ऐका, मग ठरवा. म्हणजे तो यादीवाला अधिकारी त्या क्षणी न्यायाधीशच असतो, फक्त अंगावर काळा कोट नसतो. आणि कोर्टात? रिमांडच्या कलमातच लिहिलंय की पोलीस कोठडी देताना दंडाधिकाऱ्याने कारणं नोंदवावीत. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १६७ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८७ झालं. तू रोज कोर्टात बसतेस, तूच सांग, किती आदेशांत खरं कारण दिसतं आणि किती आदेश नुसते ‘तपास अपूर्ण’ एवढ्यावर भागवलेले असतात? पोरगं आठ दिवस कोठडीत जातं. त्याच्या आईला काय वाचून दाखवणार?

माझं सांगतो. मी प्रांत होतो, विधानसभेचा निवडणूक निर्णय अधिकारी होतो. उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस. दालनात पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येक उमेदवाराबरोबर वकील. एका अपक्ष बाईंच्या अर्जावर आक्षेप आला की एका सूचकाचा, म्हणजे त्यांचं नाव सुचवणाऱ्या मतदाराचा, यादीतला अनुक्रमांक चुकलाय. अपक्षाला दहा सूचक लागतात, एक उडाला की अर्ज उडाला. मी यादी मागवली. नाव होतं, भाग बरोबर होता, क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३६ म्हणतं की ठळक स्वरूपाचा दोष नसेल तर अर्ज फेटाळू नये, आणि लेखनिकाच्या चुकीने अर्ज बाद होत नाही हे कलम ३३ मध्येच आहे. तेवढ्यात शिपायाने चिठ्ठी आणून ठेवली, ‘फोन आहे, तातडीचा.’ कुणाचा आणि कशासाठी, हे दालनातल्या सगळ्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, नंतर. आणि लिहायला घेतलं.

आता बघ, कायदा कारण मागतो ते अर्ज फेटाळताना. स्वीकारताना नुसतं ‘स्वीकृत’ लिहून सही केली तरी चालतं. मी स्वीकारतानाही कारण लिहिलं. आक्षेप काय, कुणी घेतला, यादीत काय दिसलं, कुठल्या कलमाखाली दोष किरकोळ ठरतो, सगळं. शाईच्या पेनाने, समोर माणसं बसलेली असताना, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आक्षेप घेणाऱ्या वकिलाने मान डोलावली आणि तो दुसऱ्या अर्जाकडे वळला. त्यानंतर फोन घेतला. तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निवडणुकीच्या काळात आपण कायद्याने निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असतो. निकाल लागला की पुन्हा सरकारचे. गोम तिथेच आहे. निकालानंतर माझी बदली झाली, जिथे गाडी नाही, कामही नाही अशा जागी. पुढे निवडणूक याचिका झाली, त्यात त्या अर्जाचा मुद्दा होता, आणि माझा तो हाताने लिहिलेला आदेश उच्च न्यायालयात वाचला गेला. मुद्दा तिथेच संपला. मला साक्षीलाही बोलावलं नाही.

गोपनीय अहवालात मात्र शेरा आला, ‘स्वभावाने ताठर’. भारतीय प्रशासन सेवेच्या निवड यादीत माझं नाव कधी लागलं नाही. का लागलं नाही, हे कागदावर कुठेही नाही. तुझ्या काकूला मी निवृत्तीनंतरही सांगत असतो की नाकारा हो, पण कारण तरी लिहा. मला माझं कारण मिळालं नाही. ते अजून टोचतं, आणि ते टोचतं म्हणूनच मी तुला इतकं बजावतोय. लोक म्हणाले, थोडं वाकला असता तर जिल्हाधिकारी झाला असता. झालो असतो. त्या दालनात मी जे केलं ते बरोबर होतं, तेव्हाही आणि आजही, आणि ते मी कुणालाही कागद दाखवून सांगू शकतो. जिल्हाधिकारी झालेल्या माझ्या बॅचच्या किती जणांना असं सांगता येईल, मला माहीत नाही.

बदलीला घाबरत असशील तर न्यायमूर्ती रानड्यांचं आठव. १८७९ मध्ये, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, सरकारने त्यांना नाशिकहून धुळ्याला हलवलं, त्यांचं टपाल तपासलं जायचं. ते धुळ्यात कामाला बसले. बदली हा या नोकरीचा भाग आहे, तिचं दुःख घरच्यांना होतं, हे खरं. माझ्या मुलांच्या शाळा बदलल्या. थोरलीने एकदा वर्गातल्या मैत्रिणींची नावं पुसून टाकलेली वही मला दाखवली होती. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि ज्यांच्याकडे पाहून मी चाललो ते सुकुमार सेन. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या सनदी सेवेत असताना काही काळ न्यायाधीशही होते, म्हणजे तुझ्या दोन्ही वाटा त्यांनी चालून पाहिल्या होत्या. १९५१-५२ ची निवडणूक, सतरा कोटींहून जास्त मतदार, आणि यादीत लाखो बायकांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी. सेन म्हणाले, स्वतःचं नाव हवं. सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं त्यामुळे वगळली गेली. निर्णय कठोर होता, त्यावर वाद होऊ शकतो, तूही घाल. पण सेनांनी तो अहवालात आकड्यासकट, कारणासकट लिहून ठेवला. लपवला नाही. म्हणून आज तू आणि मी त्यावर वाद घालू शकतो. पुढच्या निवडणुकीला पुष्कळ बायकांनी आपली नावं सांगितली.

न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी २८ एप्रिल १९७६ ला आणीबाणीतल्या हेबियस कॉर्पस प्रकरणात, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का या प्रश्नावर, एकट्याने विरोधी निकाल लिहिला. चार विरुद्ध एक. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं, त्यांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या खासगीपणाच्या निकालात तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला गेला, खन्नांची बाजू कायदा झाली. बघायला ते नव्हते, २००८ मध्येच गेले. अल्पमतातला निकाल त्या दिवशी कुणाला सोडवत नाही. तरी त्यांनी तो सविस्तर, कारणांसकट लिहिला.

उलट उदाहरणही हवं असेल तर चंडीगड. ३० जानेवारी २०२४ ची महापौरांची निवडणूक. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद केल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिल्लीला मागवल्या, समोर ठेवून पाहिल्या, आणि २० फेब्रुवारीला निकाल फिरवला. त्या पत्रिकांवरच्या खुणा त्याच अधिकाऱ्याच्या होत्या. ज्याला खरं कारण लिहिता येत नाही तो खूण करतो.

आता तुझं. तू कोर्टात राहा. उरलेली वर्षं भर. माझं न झालेलं मी तुझ्याकडून करून घेतोय असं तुला वाटेल, वाटू दे. मी नोकरीत असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एलएल.बी. केलं आणि न्यायासनावर कधी बसलो नाही, हे खरंच आहे. पण सांगतोय ते तुझ्याकडे बघून. कलम २३५ चं छत्र महसूलच्या माणसाला नाही. आणि तुला लिहायची आवड आहे, तुझा मेसेजसुद्धा मुद्देवार होता. महसूलमध्ये आदेश लिहायला वेळ चोरावा लागतो, दौरे, बैठका, पंचनामे, पूर, व्हीआयपी. कोर्टात लिहिणं हेच काम आहे. पगाराचं म्हणशील तर कनिष्ठ स्तर न्यायाधीशाचं मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होतं, हे आईला नीट सांग, तिला वाटतंय तू उपाशी राहशील.

तरीही रुजू व्हायचं ठरवलंस तर मी नाराज होणार नाही. मग निवडणूक शाखा मागून घे. केंद्राध्यक्षांचं प्रशिक्षण स्वतः घे. किमान पन्नास मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान झाल्यावर यंत्र कोरं केलं का, नमुना १७-क मधला, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबातला, आकडा आणि नियंत्रण युनिटवरचा आकडा जुळतो का, प्रतिनिधींना त्याची प्रत सहीनिशी दिली का, हे त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत घोकून घे. त्यात कुठे फरक पडला तर दैनंदिनीत कारण लिहायला लाव. जागेवर, त्याच वेळी.

कोर्टात राहिलीस तर तुझ्या सीनियरचं प्रमाणपत्र आत्तापासून डोक्यात ठेव. दहा वर्षांची वकिली असलेल्या वकिलाने ते द्यायचं आणि न्यायिक अधिकाऱ्याने त्यावर शिक्का मारायचा. शेवटच्या महिन्यात धावाधाव नको. कुठल्या तारखेला कुठल्या प्रकरणात उभी राहिलीस याची वही ठेव.

आईशी मी बोलतो, रविवारी संध्याकाळी घरी येईन. तोवर कचेरीतून फोन आला तर हो किंवा नाही काहीच म्हणू नकोस. रुजू व्हायला मुदतवाढ हवी असा अर्ज उद्या सकाळी स्वतः जाऊन दे, कारण एका वाक्यात लिही, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घे. लिपिक म्हणेल, ‘ठेवून जा मॅडम, बघतो.’ ठेवून येऊ नकोस.

तुझा काका