टेककडे वळताना पहिला कोर्स कोणता?

प्रश्न : स्कूबा डायव्हिंगचे अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) हे कोर्स झालेत, चाळीसेक डाइव्ह नोंदवल्यात. टेक्निकल डायव्हिंग, म्हणजे वर येताना थांबे घ्यावे लागतात असं खोल डायव्हिंग, शिकायचंय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : 'पाडी' या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेक ४० पासून करा. त्यासाठी वय १८ आणि ३० डाइव्ह लागतात, पण खरी मेख पुढे आहे : त्यातल्या १० नायट्रॉक्सवर १८ मीटरपेक्षा खोल आणि ६ डाइव्ह ३० मीटरपेक्षा खोल हव्यात. मालवणच्या उथळ पाण्यातल्या डाइव्हने ही अट भरत नाही. डीप डायव्हरचा कोर्सही लागतोच.

टेक ४० मध्ये ४० मीटरपर्यंत जाता येतं आणि एकूण १० मिनिटांपर्यंत डीकॉम्प्रेशन (शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबणं) करता येतं. त्यासाठी ५० टक्के ऑक्सिजनची वेगळी टाकी जवळ असते. जीव जातो तो ही टाकी वापरतानाच्या चुकीने. हे मिश्रण २१ मीटर किंवा त्याहून कमी खोलीवर ठीक. ४० मीटरवर तोंडात घेतलं तर ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) २.५ बार होतो. मर्यादा १.६ आहे. पाण्यातच आकडी येऊ शकते. म्हणून गॅस बदलताना क्रम ठरलेला : खोली बघा, टाकीवर लिहिलेली खोली वाचा, टाकीपासून रेग्युलेटरपर्यंत (श्वास घेण्यासाठी तोंडात धरायचं उपकरण) होज, म्हणजे नळी, हाताने चाचपा, जोडीदाराने होकार दिल्यावरच तोंडात घ्या. घाईत होज चाचपणंच राहून जातं.

आधी ६ मीटरवर आडवं, न हलता पाच मिनिटं तरंगायला शिका. ते जमत नसेल तर कोर्सचे पैसे इतक्यात भरू नका.