जे विचारायचं ते बाबांनाच विचार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. काका काय म्हणतात ते त्यात आहे, आई काय म्हणते ते आहे, डॉक्टर काय म्हणाले तेही आहे. बाबा काय म्हणतात याबद्दल मात्र अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. बायोप्सीत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर, आला हे सगळ्या घराला ठाऊक आहे, आणि ज्यांच्या डोक्यात ती गाठ होती त्यांना 'साधी गाठ होती, काढून टाकली' असं सांगितलंय. हे असंच चालू ठेवायचं का, असं तू विचारतेस. नाही. बाबांना विचार.

विचारणं म्हणजे सगळं एका दमात सांगून टाकणं नव्हे, तेव्हा लगेच घाबरू नकोस. पहिला प्रश्न एवढाच असू दे, "बाबा, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" मग गप्प बस. ते काय बोलतात त्यावरून त्यांना किती कळलंय ते तुला कळेल, आणि बहुतेकदा घरच्यांच्या समजुतीपेक्षा पुष्कळ जास्त कळलेलं असतं. डोक्यावर टाके आहेत, आपण खोलीत आलो की बोलणं थांबतं, रेडिएशनची तारीख ठरलीय. माणसाला समजतं. त्यानंतरचा प्रश्न, "डॉक्टरांकडून तुम्हाला आणखी किती जाणून घ्यायचंय?" यावर ते "मला नको, तूच बघ" म्हणाले, तर तेही उत्तरच आहे आणि ते पाळायचं. पण ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, काकांच्या नव्हे.

मी या बाबतीत हट्टी आहे. आजारी माणसाला असं विचारणं क्रूरपणाचं आहे, हे मला अनेकांनी ऐकवलंय. माझं मत बदललेलं नाही, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या अवयवांच्या कॅन्सरमध्ये शरीर खंगतं, पण बोलण्याची आणि ठरवण्याची शक्ती पुष्कळदा बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहते. मेंदूतली गाठ नेमकी तीच आधी नेऊ शकते. बाबांची गाठ डाव्या टेम्पोरल भागात, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागात, होती असं तू लिहिलंस. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. आज ते एखाद्या शब्दासाठी अडखळतात, पुढे वाक्यासाठी अडखळतील. कदाचित नाही अडखळणार, पण त्या 'कदाचित'वर विसंबू नकोस. "रेडिएशन संपलं की निवांत बोलू" असं कुणी म्हणालं की माझा जीव तुटतो. प्रश्न शिल्लक राहिले आणि उत्तर देणाऱ्याची वाचा गेली, अशा घरांची हळहळ माझ्या मनातून कधी जात नाही.

आता विचारायचं कसं ते नीट वाच, कारण इथे माणसं सगळ्यात जास्त चुकतात. वेळ सकाळची, झोप झाल्यावरची. टीव्ही बंद, खोलीत एकच माणूस. डाव्या टेम्पोरल भागाला इजा झाली की उजवीकडचं, विशेषतः उजवीकडे वरच्या बाजूचं, नजरेतून निसटू शकतं, म्हणून त्यांच्या डाव्या हाताला बस. चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीवर ठेव. एका वेळी एकच प्रश्न, छोटा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोज. दहा आकडे खूप लांब वाटतात आणि तिसऱ्या आकड्यालाच कुणीतरी त्यांचं वाक्य पूर्ण करून टाकतं. ते करू देऊ नकोस. शब्द सापडत नसेल तर दोन पर्याय दे, "आज की उद्या?", "आई की मी?" लिहून दाखव, बोट ठेवू दे. आणि 'हो'वर आंधळा विश्वास ठेवू नकोस. भाषेला इजा झालेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी सगळ्यालाच 'हो' येतो. "बसायचंय का?" ला हो म्हणाले, तर थोड्या वेळाने "आडवं व्हायचंय का?" असं विचारून बघ. दोन्हीला हो आलं तर त्या दिवशी मोठा निर्णय विचारायचा नाही.

काय विचारायचं? उपचारांतून त्यांना काय हवंय आणि काय अजिबात नकोय. बोलता आलं नाही तर त्यांच्या वतीने कोण बोलेल. श्वास बंद पडायची वेळ आली तर व्हेंटिलेटर हवा का. बँकेची कागदं, विमा, फोनचा पिन, कुणाचं देणंघेणं. त्यांची निर्णयक्षमता शाबूत असतानाच्या सहीला किंमत असते, नंतरच्या सहीवर वाद होतात. म्हणून मुखत्यारपत्र, मृत्युपत्र हे वकिलाला विचारून रेडिएशन सुरू होण्याआधी किंवा पहिल्या आठवड्यातच उरकून घे. हे एका बैठकीत होत नाही. रोज एक प्रश्न, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत.

आकडे तू वाचले असशीलच. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड ही केमोथेरपीची गोळी देण्याची पद्धत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावरून रूढ झाली. त्यात दोन्ही उपचार मिळालेल्यांचं मध्यक आयुर्मान 14.6 महिने होतं, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांचं 12.1. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. दोन्ही उपचार घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी हयात असलेले 26.5 टक्के होते. बाबा त्यांत कुठे बसतात ते कुणी सांगू शकत नाही, पण काही गोष्टींचा अंदाज येतो. एमजीएमटी (गाठीच्या पेशींची डागडुजी करणारं जनुक) मेथिलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, आहे का ते अहवालात बघ, तसं असेल तर टेमोझोलोमाइडचा फायदा जास्त होतो. शस्त्रक्रियेत किती गाठ निघाली, वय काय, स्वतःचं स्वतः किती करतात, यांनीही फरक पडतो. हा आकडा बाबांसमोर आपण होऊन टाकायचा नाही. त्यांना हवाय का, ते त्यांना विचार.

आता रोजचा व्यवहार. रेडिएशन साधारणपणे 60 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), 30 भागांत, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. (वय जास्त असेल किंवा तब्येत खालावलेली असेल तर 15 भागांत 40 ग्रे देतात.) त्याआधी मास्क बनतो. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात, तो काही मिनिटांत घट्ट होतो आणि रोज त्याच मास्कने डोकं टेबलाला अडकवतात. किरणं जाणवत नाहीत. त्रास होतो तो मास्कचा. बंदिस्त जागेची भीती वाटते का, हे बाबांना मास्क बनायच्या आधी विचार आणि तंत्रज्ञांना सांग. आत कॅमेरा आणि माइक असतो, थांबवायचं असेल तर कोणता हात वर करायचा ते ठरवून घ्यायचं. आणखी एक, स्टेरॉइडने चेहरा सुजतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मास्क आवळायला लागतो. कपाळावर जाळीचे खोल वळ दिसले तर 'थोडंच राहिलंय' म्हणून दामटू नकोस. लगेच दाखव. किरणांच्या मार्गातले केस दोन-तीन आठवड्यांत गळतात. थकवा शेवटाकडे वाढतो आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे राहतो. तो आळस नाही, हे आईला समजावून सांग.

टेमोझोलोमाइडमध्ये ठरलेल्या चुका होतात. रेडिएशनला शनिवार-रविवारची सुट्टी असते, गोळीला नसते. त्या सहा आठवड्यांत ती सातही दिवस घ्यायची. डोस वजन-उंचीवरून ठरतो आणि वेगवेगळ्या ताकदीच्या कॅप्सूल मिळून भरतो. 125 मिलिग्रॅम म्हणजे 100, 20 आणि 5 अशा तीन. हे आकडे लिहून डब्यावर चिकटव, कारण रेडिएशननंतर साधारण चार आठवड्यांच्या खंडाने ज्या फेऱ्या सुरू होतात, 28 दिवसांतले पाच दिवस, त्यांत डोस दुपटीच्या आसपास जातो आणि उरलेल्या जुन्या कॅप्सूल नव्यांत मिसळतात. गोळी रिकाम्या पोटी, बहुतेक जण झोपताना घेतात, आणि उलटीचं औषध त्याआधी अर्धा-एक तास. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, फुटलीच तर उघड्या हाताने उचलायची नाही. घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. उलटीच्या औषधाने पोट आवळतं आणि बाबा संकोचाने सांगणार नाहीत. पोट साफ झालं का, हे रोज विचार. रेडिएशन चालू असताना दर आठवड्याला रक्त तपासायचं, पुढे फेऱ्यांत 21-22 व्या दिवशी, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उशिरा उतरतात. ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला तर रात्र काढायची नाही. त्याच वेळी फोन.

डेक्सामेथासोन, म्हणजे ते स्टेरॉइड, मित्रही आहे आणि वैरीही. मेंदूची सूज उतरवतं, डोकेदुखी जाते, बोलणंसुद्धा सुधारतं. पण साखर वाढवतं, झोप घालवतं, तोंडात पांढरे चट्टे आणतं. डोस जेवणाबरोबर द्यायचा, आणि दोन वेळा असेल तर सकाळी आणि दुपारच्या आत, कारण संध्याकाळी दिला तर सगळं घर रात्रभर जागं. काही आठवड्यांनी बाबांना खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागला, जिना चढवेना, तर 'गाठ वाढली' असं आपणच ठरवू नका. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू गळतात. नोंद करून डॉक्टरांना दाखवा. आणि ते एकदम कधीही बंद करायचं नाही, बरं वाटलं तरी. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं, डोस पायरीपायरीने उतरवावा लागतो. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, ही रक्ताची गुठळी असू शकते. या आजारात तिचा धोका बराच असतो. तेव्हा थेट इस्पितळ.

फिट आली तर आधी घड्याळ बघ. कुशीवर वळव, तोंडात काहीही घालू नकोस, धरून दाबू नकोस, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकव. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर रुग्णवाहिका. कोणत्या बाजूने सुरू झाली, नजर कुठे वळली, ते लिही. नंतर काही मिनिटं ते काही तास हात लुळा राहू शकतो, बोलणं जाऊ शकतं, आणि ते बहुधा परत येतं. सावरल्यावर बाबांना विचार, आधी काय जाणवलं होतं? टेम्पोरल भागातल्या फिटच्या आधी विचित्र वास येणं, पोटातून काही वर चढल्यासारखं वाटणं, हे सगळं पूर्वी घडून गेलंय असं वाटणं, असं काहीतरी होतं. ती खूण त्यांनाच ठाऊक असते. ती कळली की पुढच्या वेळी त्यांना खाली बसवायला तुला वेळ मिळेल.

बाबा चिडतात, आईच्या अंगावर ओरडतात असं तू लिहिलंस. याची कारणं तीन असू शकतात: गाठीची जागा, स्टेरॉइड, आणि फिटसाठीचं लेव्हेटिरासेटाम. लेव्हेटिरासेटामने काहींचा स्वभाव पार बदलतो आणि त्याला पर्याय असतात. मनाने बंद करायचं नाही, त्याने फिट उसळते. पण 'आजारच असा' म्हणून सोसतही बसायचं नाही.

रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतला एमआरआय फसवू शकतो. उपचारांमुळेच डाग मोठा आणि उजळ दिसतो, आणि पुढच्या एमआरआयमध्ये तो कमी झालेला असू शकतो. तो अहवाल मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांच्या आधी सगळं घर तो वाचतं. तो आधी कोणी उघडायचा, हे आजच बाबांना विचारून ठेव.

उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, उपचारांच्या टीमला आत्ताच भेट. ते शेवटच्या आठवड्यात बोलवायचे लोक नव्हेत. गिळता येईनासं झालं तर फिटची औषधं कशी द्यायची, नाकात मारायचा फवारा घरात ठेवायचा का, हे त्यांच्याकडून आधी समजून घ्यायचं असतं. आणि आईला दर आठवड्याला सलग दोन रात्री पूर्ण झोप मिळाली पाहिजे. त्या रात्री जो जवळ झोपेल त्याला पाच मिनिटांचा नियम, ठरलेल्या औषधांच्या वेळा आणि फोन नंबर असा एक कागद दे. त्या रात्री कोण जवळ हवंय, तेवढं बाबांना विचार. त्यांना काकाच हवे असतील, तर काकांना बोलव.

तुझी,
मावशी