व्हिडिओ एडिटिंगला बसण्याआधी एवढं बसवून घ्या

सुरुवातीलाच वीस सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नका. तीन-चार पुरतात, आणि ती फुकट मिळतात.

सगळ्यात आधी मीडियाइन्फो, म्हणजे व्हिडिओ फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. कुठलीही क्लिप एडिटरमध्ये घेण्याआधी यात उघडून बघायची सवय लावा. मोबाइलवर शूट केलं असेल तर 'फ्रेम रेट मोड'समोर बहुतेकदा 'व्हेरिएबल' दिसेल, म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) संख्या सतत बदलतेय. नवशिके इथेच फसतात. टाइमलाइनवर पहिलं मिनिट ठीक वाटतं, दहाव्या मिनिटाला ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. माझ्या पहिल्या लग्नाच्या कामात मंगलाष्टकांचा आवाज मी रात्रभर हाताने सरकवत बसलो होतो. दोष फाइलमध्येच होता.

यावर उपाय हँडब्रेक, म्हणजे व्हिडिओ फाइल बदलून नवी करून देणारं सॉफ्टवेअर. व्हिडिओच्या टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, क्वालिटीचा आकडा 18च्या आसपास ठेवा (आकडा कमी तितकं चित्र चांगलं, फाइल मोठी) आणि ती नवी फाइल वापरा. मूळ फाइल मात्र पुसू नका.

आणखी दोन:

- व्हीएलसी: तयार व्हिडिओ पाठवण्याआधी शेवटपर्यंत बघायला.
- फ्रीफाइलसिंक: काम संपलं की रोज प्रोजेक्टचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यायला. फुटेज दोन ठिकाणी उतरल्याशिवाय मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

प्रॉक्सी, कोडेक, रंगांचं गणित आत्ता राहू द्या. पाच मिनिटांचा एक व्हिडिओ पूर्ण करा. अडलात तर मीडियाइन्फोचा स्क्रीनशॉट टाका, नक्की बघतो.