मेन स्विच घरमालकाच्या कुलपात, घरात व्हेंटिलेटर

प्रश्न: परभणीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. यजमानांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे, गळ्यात नळी, चोवीस तास व्हेंटिलेटर. मीटर घरमालकाच्या नावावर, बोर्ड खाली त्यांच्या कुलपात. "तुमच्या मशिनीपायी माझं बिल वाढायलंय, खोली मोकळी करा," म्हणत गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा मेन स्विच पाडला. करारनामा नाही, भाडं फोनवरून पाठवते. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे. भाडं बंद करू का?

उत्तर: ताई, शेवटचं आधी सांगतो. भाडं एक दिवसही थकवू नका. आज कायदा तुमच्या बाजूने आहे, थकबाकी दिसली की मालकाला बोलायला जागा मिळते. त्यांनी घेतलं नाही तर मनीऑर्डर करा आणि ती परत आली की कागद जपून ठेवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २९ अशाच वागणुकीसाठी आहे. (मराठवाड्यात त्याआधी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. कुणी अजून त्याचा हवाला दिला तर ऐकून सोडून द्या.) वीज-पाण्यासारखी सोय पुरेशा कारणाशिवाय मालकाने तोडायची नाही, दुसऱ्याकरवीही नाही. वाढलेलं बिल हे माझ्या मते पुरेसं कारण नव्हे, आणि सब-मीटर बसवून युनिटप्रमाणे पैसे द्यायची तयारी तुम्ही लेखी कळवलीत तर मुळीच नव्हे. अर्ज दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे करायचा. निकड दिसली तर मालकाला नोटीस निघण्याआधीच अंतरिम हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

करारनामा नाही याची धास्ती नको. कलम ५५ प्रमाणे लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. त्यांनी तो केला नाही, म्हणून अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, तुमचंच म्हणणं धरलं जाईल.

पण न्यायालय कितीही घाई करो, त्याचा हिशेब दिवसांचा असतो, मशिनीचा मिनिटांचा. म्हणून व्हेंटिलेटरची बॅटरी किती वेळ चालते, तो आकडा आधी हातात घ्या. कंपनी सांगते ते तास नव्या बॅटरीचे असतात. बॅटरी जुनी होत जाते तसे ते घटतात, आणि डॉक्टरांनी लावलेल्या सेटिंगप्रमाणेही बदलतात. डॉक्टरांना विचारून, तंत्रज्ञ समोर असताना आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेवूनच बॅटरीची चाचणी घ्या. एकट्याने कधीही नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) आणि ह्युमिडिफायरचा (श्वासाची हवा दमट करणाऱ्या यंत्राचा) हीटर इन्व्हर्टर फार लवकर रिकामा करतात. कॉन्सन्ट्रेटरला पर्याय म्हणून सिलिंडर भरलेला हवा, आणि सक्शनचं (नळीतला कफ ओढून काढणाऱ्या यंत्राचं) काय, तेही डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

चाचणीत निघालेली वेळ डॉक्टरांच्या दाखल्यात लिहून घ्या आणि अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात टाका. 'आमची वीज तोडली' आणि 'वीज तोडल्यावर इतक्या मिनिटांत रुग्णाच्या जिवाला धोका' यांत न्यायाधीशांच्या टेबलावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तोच दाखला पत्रासोबत मालकाला पोचपावतीने पाठवा, प्रत पोलीस ठाण्यात द्या. पत्र पोचल्यावर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. त्यानंतर स्विच पडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ चा, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा, मुद्दा लेखी तक्रारीत घ्या. नुसती दिवाणी बाब म्हणून परत पाठवणं मग सोपं राहणार नाही.

मालक कोर्टात म्हणतील, वीज महावितरणनेच घालवली. वळवाच्या पावसात ती जातेही. म्हणून वीज गेली की खिडकीतून समोरचा दिवा आणि शेजारच्यांचं घर दिसेल असा व्हिडिओ काढा. सगळ्या गल्लीची गेली असेल तर महावितरणच्या १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. मशिनीत वीज खंडित झाल्याची नोंद राहत असेल तर तंत्रज्ञाकडून ती काढून घ्या. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील.

खरा तोडगा मात्र स्वतःचं मीटर. विद्युत अधिनियम, २००३ चं कलम ४३ मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे जागेत राहणाऱ्याला, वीज द्यायला सांगतं. दिलीप विरुद्ध सतीश या २०२२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मालकाचं ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, ताबा पाहायचा. महावितरणच्या कार्यालयात अर्ज द्या, तोंडी नकार घेऊ नका. लेखी नकार आला तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाखला, भाड्याचे फोनवरचे व्यवहार आणि तुमचं पत्र एवढं पहिल्याच दिवशी सोबत न्या.